प्रमाण एकास दहा, सिंह वगळून

आमच्या भाऊजींनी चित्र काढायचं ठरवलं तेव्हा घरात कुणी फार मनावर घेतलं नाही. भाऊजींनी ठरवलं म्हणजे ठरलं असं कधी नव्हतंच. त्यांनी ठरवल्यावर मग ते ठरवणं बरोबर आहे का, हे दहा जणांना विचारायचं, आणि दहाव्याने हो म्हणेपर्यंत पहिल्याचं मत बदललेलं असायचं.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. ते आणि जाऊबाई वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही दोघं खाली. मधे जिना. त्या जिन्यावरून दिवसातून दहा वेळा खाली-वर करणारे भाऊजी, काखेत कागदाची गुंडाळी आणि कानावर पेन्सिल, हे आमच्या घरातलं रोजचं दृश्य. छत्तीस वर्षं ते पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन होते. साहेबांनी सांगायचं आणि यांनी नकाशा काढायचा: टाकी इथे, मोठा पाइप या रस्त्याने, फाटा त्या कोपऱ्यावर. हात मात्र असा की रेघ ओढली तर कागदावर केस पडलाय वाटावं. हे मी खरं सांगते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल फारसं चांगलं बोलणार नाही.

त्यांच्या प्रत्येक नकाशाच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असायची. तिच्यात घरं: शीर्षक, प्रमाण, दिनांक, रेखाटले, तपासले, मंजूर. 'रेखाटले' समोर भाऊजींची मुंगीएवढी सही. बाकी दोन घरं वरच्या लोकांची. त्या दोन घरांत सह्या पडल्याशिवाय रस्त्यावर कुदळ मारायची नाही, हा खात्याचा नियम. चांगला नियम आहे. उगाच कुणाच्याही दारात खड्डा नको. पण भाऊजींनी तो नियम घरी आणला.

त्यांनी लग्नाला होकार द्यायच्या आधी सात जणांची संमती घेतली. आठवी जाऊबाईंची, तीसुद्धा ऐनवेळी कुणीतरी आठवण केली म्हणून. घराला रंग द्यायचा तर रंगाच्या तेरा पट्ट्या गल्लीतून फिरल्या. शेवटी जो रंग होता तोच पुन्हा दिला. छकुली, म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, पाच वर्षांची असताना पाटी घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, हत्ती काढून द्या." भाऊजींनी विचारलं, "समोरून की बाजूने? उभा की बसलेला? एकटा की कळपातला?" ती बिचारी पाटी घेऊन आईकडे गेली. जाऊबाईंनी पोळपाटावरून उठून, हाताचं पीठ पदराला पुसून, बटाट्याला शेपटी लावावी तसा एक हत्ती काढून दिला, आणि पोरगी खूश होऊन नाचत गेली. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. भाऊजींना पहिला अर्धा भाग तोंडपाठ आहे. दुसरा शिकवला त्या दिवशी ते गैरहजर असावेत.

तर ती छकुली. आता वय चौतीस, लहान मुलांची डॉक्टर, बाहेर लोक तिला मॅडम म्हणतात, घरात छकुलीच. मागच्या वर्षी तिने दोन गल्ल्या सोडून स्वतःच्या दवाखान्यासाठी जागा घेतली. आम्ही सगळे बघायला गेलो. आत तपासायची खोली, बाहेर बसायची खोली, आणि दारातून शिरलं की समोर एक मोठी कोरी भिंत. जाऊबाई मोरी बघत होत्या, आमचे हे विजेची बटणं खालीवर करून बघत होते. भाऊजी त्या भिंतीसमोर उभे राहिले ते हलेनात. मग एकदम म्हणाले, "ही भिंत मला दे."

छकुली म्हणाली, "दे म्हणजे?"

"चित्र काढतो. मोठं. या भिंतीवर लावायला."

पोरीने आधी भिंतीकडे पाहिलं, मग बापाकडे. मग म्हणाली, "दिली. उद्घाटनाला चार महिने आहेत, बाबा." परतताना जिन्यात माझा हात धरून म्हणाली, "काकू, बाबांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही गं. हे पहिलंच." तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले. चार महिन्यांत लोक इमारती उभ्या करतात, एक चित्र काय होणार नाही, असं मला वाटलं. माझं चुकलंच.

भाऊजींनी लगेच चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं. वाचनालयाच्या माडीवर तो वर्ग भरतो, सगळे निवृत्त लोक. शिकवणारे सर उन्हाळ्यातसुद्धा गळ्यात मफलर घालतात, म्हणजे कलावंत आहेत हे लांबून कळावं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "आधी संकल्पना स्पष्ट हवी. संकल्पनेशिवाय ब्रश उचलणं म्हणजे पत्ता न लिहिता पत्र पेटीत टाकणं." वाक्य काही खोटं नाही. मीही भाजी चिरायला घेण्याआधी काय करायचंय ते ठरवतेच. पण सर स्वतः सहा वर्षं एकाच चित्राच्या संकल्पनेवर विचार करत होते हे आम्हाला नंतर कळलं. त्याच वर्गात एक निवृत्त नर्सबाई होत्या. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तीन वांगी रंगवून आणली. सरांनी मान तिरकी करून विचारलं, "यामागचा विचार काय?" बाई म्हणाल्या, "वांगी समोर होती." सरांनी मफलर सारखा केला. भाऊजींनी ही गोष्ट मला घरी येऊन सांगितली ती नर्सबाईंची कीव करत. मला मात्र ती वांगी बघायची फार इच्छा झाली.

पुढे भाऊजींनी सहा फूट लांब, चार फूट उंच कॅनव्हास आणला. तो जिन्यातून वर न्यायला चार माणसं लागली. वर नेल्यावर ठेवायला जागा एकच, जाऊबाईंच्या कपड्यांच्या कपाटासमोर. "दोन दिवसांचा प्रश्न आहे," भाऊजी म्हणाले. त्या दिवसापासून जाऊबाई दोरीवर वाळत असलेल्या चार कपड्यांवर दिवस काढू लागल्या.

आता संकल्पना. भाऊजींनी एक कागद आखला आणि खाली उजव्या कोपऱ्यात काय काढलं असेल? चौकट! शीर्षक: आरोग्य. प्रमाण: एकास दहा. दिनांक. रेखाटले, आणि मुंगीएवढी सही. तपासले, रिकामं. मंजूर, रिकामं. आधी चौकट आणि मग वरचं चित्र. वर एक सूर्य, एक झाड, झाडाखाली डॉक्टर आणि डॉक्टरांपुढे एक मूल. वाईट नव्हतं. तेवढंच रंगवलं असतं तर आठवड्यात मोकळे झाले असते.

पण ते कागद घेऊन जाऊबाईंकडे गेले. "तपासून दे."

जाऊबाई म्हणाल्या, "अहो, डॉक्टर पुरुष कशाला काढलाय? लेक डॉक्टर आहे ना आपली?"

भाऊजींच्या चेहऱ्यावर काय समाधान! चूक सापडली म्हणजे तपासणी खरी झाली. बाईडॉक्टर आली. कागदावर लिहिलं: सुधारणा एक.

मग खाली आमच्याकडे. आमचे हे शाळेत विज्ञान शिकवतात. म्हणाले, "दादा, सूर्य डावीकडे आणि सावलीपण डावीकडे? विज्ञानाला धरून काढ की." सुधारणा दोन. शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, खाली सुविचार पाहिजे, नाहीतर चित्राचा समाजाला उपयोग काय. सुधारणा तीन. सुविचार कोणता यावर चार, पाच आणि सहा. जावई फोनवर म्हणाले, लसींचं वेळापत्रक बसेल का कुठे. झाडाच्या खोडावर बसवलं. सुधारणा सात. समोरच्या इमारतीच्या वॉचमनने कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काका, यात सिंह नाही. मुलांना सिंह लागतो." आठ. सिंह आला. मुख्याध्यापक म्हणाले, आजारी मूल सिंह बघून घाबरेल. सिंह लहान केला, नऊ. लहान केल्यावर तो झाडाच्या आणि डॉक्टरणीच्या मानाने मांजराएवढा झाला, म्हणून भाऊजींनी प्रामाणिकपणे चौकटीत दुरुस्ती केली: प्रमाण एकास दहा, सिंह वगळून.

मी हसून हसून बेजार. पण खोटं कशाला बोलू, माझ्याकडे कागद आला तेव्हा मीही मागे राहिले नाही. म्हटलं, "भाऊजी, एका कोपऱ्यात जोडलेले हात काढा. आजारपणात माणसाला देव आठवतोच." त्यांनी काढले, दहा. पुढच्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं, दवाखान्यात हात जोडलेले म्हणजे केस हाताबाहेर गेली असं वाटतं. हात गेले, अकरा. मला राग आला. दोन दिवस मी भाऊजींशी धड बोलले नाही. म्हणजे बघा, ज्या गोष्टीला मी हसत होते तिच्यात माझाही पाय अडकला होता.

तिसऱ्या दिवशी मीच जिन्यात त्यांना अडवलं. "भाऊजी, देवाने एवढं जग केलं, तेव्हा 'तपासले'च्या घरात सही कुणाची घेतली होती?"

भाऊजींनी खरोखर विचार केला. मग म्हणाले, "नव्हती घेतली, धाकटे. म्हणून तर एवढ्या चुका राहिल्यात." आणि वर निघून गेले. घरात मला धाकटी म्हणतात, धाकट्या भावाची बायको म्हणून. मी तिथेच पायरीवर बसून त्या चुका मोजू लागले.

असे साडेतीन महिने गेले. कागदावर सुधारणा तेवीस. कॅनव्हासवर एक ठिपका नाही. छकुली यायची, चादर उचलून कोरा कॅनव्हास बघायची आणि विचारायची, "कुठवर आलं, बाबा?" भाऊजी म्हणायचे, "संकल्पना अंतिम टप्प्यात आहे." पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदा हसली नाही. तिसऱ्यांदा काही विचारलंच नाही, चादर परत टाकली आणि आईशी बोलत बसली. ते मला बघवलं नाही.

मग एका गुरुवारी ती आली ती उभ्याउभ्याच. म्हणाली, "बाबा, पुढच्या बुधवारी उद्घाटन आहे. बाळांच्या पावडरीवाली कंपनी भिंतीएवढं पोस्टर फुकट देतेय. त्यांचा माणूस सोमवारी सकाळी भिंतीला ड्रिल मारायला येणार. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही."

भाऊजी म्हणाले, "मग नाही म्हण."

"काय लावू पण? चादर?"

छकुली दारापर्यंत गेली, मागे वळून म्हणाली, "मला चांगलं चित्र नकोय हो बाबा. तुमचं पाहिजे. रविवारी संध्याकाळी येते." आणि गेली.

मला वाटलं, आता तरी हा माणूस ब्रश उचलेल. भाऊजींनी उचलली ती कागदाची गुंडाळी. म्हणाले, "तपासणी पूर्ण आहे. फक्त मंजुरी राहिलीय. साहेबांकडे जाऊन येतो."

साहेब म्हणजे खात्यातले त्यांचे मोठे साहेब, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. जाऊबाई म्हणाल्या, "मी येणार नाही. त्या माणसासाठी यांनी माझ्या बाळंतपणातसुद्धा रजा घेतली नव्हती." आमच्या ह्यांची शाळा. भाऊजींचा गुडघा दुखतो, एकटं पाठवायला नको. राहिले मी. शुक्रवारी सकाळी निघालो. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, पायात बूट. मी तशीच, दळणाची पिशवी हातात, येताना गहू दळून आणता येतील म्हणून.

साहेब पंचाहत्तरीला आलेले. अंगणात बनियनवर बसून गुलाबाच्या कुंड्यांची माती उकरत होते. भाऊजी तीन पावलं लांब उभे राहिले, अगदी ऑफिसात उभे राहत असतील तसे.

"नमस्कार साहेब. ओळखलंत का?"

साहेबांनी डोळे बारीक केले. "हां हां. ड्राफ्ट्समन." नाव काही आठवलं नाही. छत्तीस वर्षांनंतर हे. "बोल, काय काम काढलंस?"

भाऊजींनी गुंडाळी उलगडली. साहेबांनी मातीचा हात मांडीला पुसला, भाऊजींच्या खिशातला पेन उपसला, आणि मी बघतच राहिले: त्यांचा हात सरळ कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला. डोळे कुंडीवरच होते. फर्रकन सही. बरोबर 'मंजूर'च्या घरात. मुरलेली गाय न हाकता गोठ्यात शिरते तशी.

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, बघितलंत तरी का काय आहे ते?"

साहेब हसायला लागले. हसता हसता खोकला आला. म्हणाले, "अहो बाई, मी याचा एकही नकाशा कधी बघितला नाही. वेळ कुणाला होता? हा काढायचा, मी सही ठोकायचो. चुकलं असतं तर नळाला पाणी आलं नसतं. पाणी यायचं. मग बघायचं कशाला?" मग त्यांनी पहिल्यांदाच कागदाकडे पाहिलं. "हे काय, मांजर?"

"सिंह आहे, साहेब," भाऊजी म्हणाले.

"असं? बरं. चालेल," साहेब म्हणाले आणि पुन्हा कुंडीत हात घातला.

येताना भाऊजी मान खाली घालून चालत होते. मला आधी बरं वाटलं, चांगली खोड मोडली म्हणून. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बरं वाटेनासं झालं. छत्तीस वर्षं ज्या सहीपुढे माणूस हात बांधून उभा राहिला, ती सही करणारा झोपेत करत होता. गिरणीच्या अलीकडे रस्त्यात लोखंडी झाकण आहे, पाण्याच्या पाइपाचं. भाऊजी त्याच्यापाशी थांबले.

"ही लाइन माझी," ते म्हणाले.

"हो का?"

"हिचा नकाशा साहेबांनी तीनदा परत पाठवला होता. 'सुधारून आणा.' काय सुधारू ते सांगितलं नाही. मी तीनही वेळा काही न बदलता परत नेला. फक्त सुधारणेचा आकडा वाढवला. तिसऱ्यांदा मंजूर."

मी रस्त्यातच उभी राहिले. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं! ते बघत नाहीत हे?"

"होतं की." भाऊजी त्या झाकणाकडेच बघत होते. "पण सही असली की बरं असतं, धाकटे. उद्या पाणी आलं नाही तर नाव माझं एकट्याचं राहत नाही."

आता समजलं. दहा जणांना विचारायचं ते मत हवं म्हणून नव्हे. चित्र बिघडलं तर बिघडवणारे अकरा असावेत म्हणून. मला त्या माणसाची दया यायला हवी होती. पण दळणाची पिशवी जड होती, ऊन लागत होतं, आणि डोळ्यांपुढे चादर परत टाकणारी छकुली होती.

"भाऊजी," मी म्हटलं, "चित्रातून पाणी यायचं नाहीये. नाही आलं तर कुणाच्या घरात बादली रिकामी राहणार नाही. एवढं भ्यायला काय झालंय? लेक चित्र मागतेय, आणि तुम्ही तिला मंजुरी दाखवताय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. थोरल्या दिराला रस्त्यात असं बोलले म्हणून माझी मलाच लाज वाटली. ते वळले. घरापर्यंत पुढे पुढे चालत राहिले, दुखऱ्या गुडघ्यासकट. दळण मी विसरूनच गेले.

दुपारी वरून टेबलं सरकवल्याचा आवाज आला. मी चहा घेऊन गेले तर कॅनव्हास आडवा करून भिंतीला टेकवलेला. तेवीस सुधारणांचा कागद भाऊजींनी फाडलाबिडला नव्हता. तसलं काही त्यांना जमणार नाही. नीट घडी करून, वर तारीख घालून फाइलला लावला होता. माझ्या हातातला चहा घेत म्हणाले, "काय काढू?"

माझ्या जिभेवर तीन गोष्टी तयार होत्या. देवाची शपथ, तीन. आणि तिन्ही चांगल्या होत्या. मी जीभ दाताखाली दाबली आणि म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं." आयुष्यात एवढं अवघड वाक्य मी फार कमी वेळा बोललेय.

भाऊजी चहा पिईपर्यंत कॅनव्हासकडे बघत राहिले. मग कप खाली ठेवला आणि स्वतःशीच म्हणाले, "पाणी टाकीतून नळापर्यंत कसं जातं." बस्स, एवढंच. साडेतीन महिने माणसं लावून जी संकल्पना झाली नाही ती एका ओळीत झाली. कानावरची पेन्सिल काढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. पट्टी न लावता. ती जमीन.

पुढचे दोन दिवस वर जायला बंदी. बंदी जाऊबाईंनी घातली होती. मुख्याध्यापक "बघू तरी" म्हणत आले, तर त्यांना दारातच सांगितलं, "आंघोळ करतायत." शनिवारी दोनदा आणि रविवारी तीनदा आंघोळ. मुख्याध्यापक जाताना म्हणाले, "पाणीपुरवठ्यातली माणसं!"

रविवारी संध्याकाळी छकुली आली. आम्ही सगळे तिच्या मागोमाग वर गेलो. खोलीत तेलाचा वास आणि भाऊजींच्या कोपरापर्यंत निळा रंग.

चित्र असं: अर्ध्या उंचीवर जमीन, तीसुद्धा सुरीने कापल्यासारखी, म्हणजे वर रस्ता, घरं, झाडं आणि खाली मातीच्या पोटात पाइपच पाइप. एका टोकाला उंच टाकी. तिथून निघालेलं निळं पाणी जमिनीखालून वळत, फुटत, चढत घराघरांत गेलेलं. आणि प्रत्येक नळाशी कुणीतरी. कुणी भांडी घासतंय, कुणी तोंड धुतंय, एक बाई केस सोडून बसलीय, एक कुत्रं गळक्या तोटीखाली जीभ काढून उभं. आणि शेवटच्या नळाला तोंड लावून पाणी पिणारं एक मूल. पाइप असे की हात लावावासा वाटावा. कुठला कुठे जातो, कुठे वळतो, सगळं खरं. माणसांबद्दल मात्र बोलायला नको. सगळी खांबासारखी ताठ, डोकं थेट खांद्यांवर बसवलेलं. भांडी घासणारी बाई भांड्यांना हुकूम देतेय असं वाटत होतं. केस सोडलेली बाई म्हणजे झाडूच.

छकुली टाकीपासून निघून पाइपाच्या मागोमाग शेवटच्या नळापर्यंत बघत गेली. भाऊजी कडेला उभे, हातात ब्रश तसाच. आमचे हे तोंड उघडणार एवढ्यात मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"बाबा," छकुली म्हणाली, "एकाही माणसाला मान नाही."

आता कागद निघणार, सुधारणा एक, आणि सोमवारी पावडरीचं पोस्टर. भाऊजी चित्राजवळ गेले. प्रत्येक माणसाकडे नीट पाहिलं, अगदी टोकाच्या मुलापर्यंत.

"नाही," ते म्हणाले. "मान मला येत नाही."

"मग?"

"मग राहू दे."

छकुलीने पर्समधून फोन काढला आणि तिथेच उभ्याउभ्या त्या पावडरवाल्याला सांगितलं, पोस्टर आणा पण लहान आणा, आत वजनकाट्याच्या मागे लावू. मोठ्या भिंतीवर जागा नाही. फोन ठेवला आणि बापाच्या निळ्या हातावर नुसता हात ठेवला. बापलेकीत दुसरं काही झालं नाही. जाऊबाई म्हणाल्या, "आता हे इथून हलवा, माझे कपडे काढू द्या," आणि पदराने डोळे टिपत स्वयंपाकघरात गेल्या.

सोमवारी सकाळी आम्ही चौघांनी ते ओलं चित्र धरून दोन गल्ल्या पार केल्या. तेलरंग वाळायला आठवडा लागतो, भाऊजींना दिवस होते दोन. जाताना ज्याच्या त्याच्याकडे सल्ला होता. वॉचमन फाटकातून ओरडला, "काका, सिंह राहिला!" एक भाजीवाली म्हणाली, आभाळात ढग हवे होते. मफलरवाले सर समोरून आले, थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "यामागची संकल्पना जरा आणखी खोल जायला हवी होती." आमचे हे म्हणाले, "सर, पाइप तीन फूट खोल आहेत, आणखी खोल कशाला?" भाऊजी कुणाकडेच बघत नव्हते. त्यांचं सगळं लक्ष कोपरा कुठे आपटत नाही ना इकडे.

चित्र भिंतीवर चढलं. किंचित डावीकडे कललंय. मला दिसलं, भाऊजींना तर नक्कीच दिसलं असणार. अजून उद्घाटन व्हायचं होतं, पण कुणाच्या तरी पोराला ताप होता, म्हणून एक आई दार लोटून आत आलीच. छकुली पोराला बघत होती तोवर ती बाई चित्रासमोर उभी राहिली, आणि शेवटच्या नळापाशी बोट नेत म्हणाली, "काका, इथे एक फूल काढा ना. छान दिसेल."

भाऊजी म्हणाले, "ओलं आहे, ताई. हात लावू नका."